सुतारकी म्हणजे फर्निचर नव्हे : गावच्या सुताराचे काम काय होते आणि ते गेले कुठे?

धागाकर्ता : वाकस

आमचे आडनाव जातीवरूनच पडलेले आहे. त्यामुळे शहरात ओळख करून दिली की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे तुमचा फर्निचरचा धंदा का?" विचारणाऱ्याच्या मनात वावगे काही नसते, पण माझ्या आजोबांना हा प्रश्न कळलाच नसता. माण तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे सुतारकी केली आणि एवढ्या काळात खुर्च्या-टेबले किती केली असतील, तर शाळेची आणि चावडीची मिळून दहा-बारा. त्यांचे खरे काम शेताचे होते. नांगर, कुळव, पेरणीची पाभर, तण काढायचे कोळपे, जू, बैलगाडी आणि विहिरीवरच्या मोटेचे चाक, एवढ्यात त्यांचे वर्ष संपत असे.

नांगराचे उदाहरण घेतो, कारण लाकडी नांगर म्हणजे ओबडधोबड वस्तू असा आपला समज असतो. नांगराचे खोड खाली जिथे वाकते, तिथेच सगळा ताण येतो. सरळ ओंडका वाकडा कापून ते खोड काढले, तर लाकडाची रेषा त्या वाकणात तुटते आणि जमिनीत दगड लागला की नांगर नेमका तिथेच फुटतो. म्हणून मुळातच वाकलेले बाभळीचे झाड शोधावे लागे. ओढ्याकाठच्या, बांधावरच्या कोणत्या बाभळीत नांगर आहे, कोणतीत कुळवाचे दिंड (आडवे लाकूड) आहे आणि कोणती अजून पाच वर्षे राहू द्यायची आहे, हे आजोबांना गावातल्या माणसांच्या नावांसारखे पाठ होते. झाड अंधाऱ्या पक्षात तोडायचे, ओंडका काही महिने ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवायचा म्हणजे त्यातला रस निघून जातो आणि पुढे भुंगा लागत नाही, आणि मग सावलीत वाळवायचा, हा क्रम ते कधी मोडत नसत. पंधरवड्याच्या भागावर माझा विश्वास नाही. पाण्यात मुरवण्याच्या भागावर मात्र आहे, कारण तसे मुरवलेल्या लाकडाचे जू आमच्या घरी अजून शाबूत आहे.

गाडीचे चाक हे त्यांच्या मते सुताराच्या परीक्षेचे काम होते. मध्ये तुंबा (आस जिथून जाते तो गोल ठोकळा), त्यात ठोकलेले बारा आरे आणि त्यांच्या टोकांवर बसवलेले सहा पाटे (घेराचे वाकडे तुकडे), असे आमच्याकडच्या चाकाचे अंग होते. सगळे सांधे कूस (लाकडाला काढलेली जीभ) आणि ती बसायचे भोक यांचे असत. खिळा कुठेही नसे. शेवटी लोहार धाव, म्हणजे चाकावर चढवायचे लोखंडी कडे, करून आणत असे, पण ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड. गोवऱ्यांच्या आरात ती लालबुंद तापवली की प्रसरण पावते, मग चार जणांनी सांडशीने उचलून ती चाकावर चढवायची आणि लगेच घागरीने पाणी ओतायचे. धाव आकसते आणि सगळे आरे आपापल्या भोकांत कचकन आवळले जातात. हे काम एकट्या सुताराचे नाही आणि एकट्या लोहाराचेही नाही. दोघांपैकी एकाचे माप चुकले तर धाव चढत नाही, किंवा चढली तरी पाट्यांवर ढिली राहते. वाफेच्या ढगात दोघे एकमेकांवर ओरडत असल्याचे दृश्य मी लहानपणी दोनदा पाहिले आहे, आणि त्यात भांडण किती आणि काम किती हे मला तेव्हा समजले नव्हते.

घरातल्या वस्तूंचे काम उन्हाळ्यात, हात मोकळा असताना होई. पाळणा, पाट, काठवट, पोळपाट-लाटणे, रवी, मुसळ, जात्याचा खुंटा, लग्नाचा चौरंग ही यादी सर्वांना माहीत असेल.

आता मूळ कारणाकडे येतो. आजोबांच्या हत्यारांची पेटी मागच्या महिन्यात उघडली. वाकस (लाकूड तासायचे हत्यार), तीन पटाश्या, दोरीचा सामता (भोके पाडायचे हत्यार), रंधा, गुण्या (काटकोन पाहायचा), ओळंबा, गेरूने माखलेले सुताचे रीळ आणि एक शिसवी गज, म्हणजे मापाची पट्टी, एवढ्या वस्तू निघाल्या. गज २७ इंचांचा असून त्यावर २४ तसू कोरलेले आहेत. "तसूभरही मागे हटणार नाही" असे आपण म्हणतो, त्यातला तसू तो हा. मात्र या गजाच्या दुसऱ्या कडेला दोन खाचा आहेत, ज्या कोणत्याही तसूच्या रेघेशी जुळत नाहीत. पहिली बाराव्या आणि तेराव्या तसूच्या मधे येते, दुसरी एकोणिसाव्या आणि विसाव्याच्या मधे. आजोबांसारखा माणूस गजावर उगाच ओरखडा उठवणार नाही. या खाचा कशाच्या असतील, हे कोणास सांगता आले तर हवे आहे. त्या निमित्ताने आपापल्या भागातल्या सुतारकीबद्दलही लिहावे.


प्रतिसाद : शब्दशोधी

लेख आवडला. खाचांविषयी मला काही सांगता येणार नाही, पण सुताचे रीळ पेटीत निघाले हे फार समर्पक वाटले, कारण जातीचे नावच त्या सुतावरून आले आहे. संस्कृत "सूत्रधार" म्हणजे मापाची दोरी धरणारा. त्याचेच प्राकृतातून घसरत मराठीत "सुतार" आणि राजस्थान-गुजरातेत "सुथार" झाले. गेरूत भिजवलेली दोरी ओंडक्यावर ताणून टिचकीने उडवली की उमटणारी रेघ जितकी सरळ, तितका माणूस सरळ असावा अशी अपेक्षा "सुतासारखा सरळ" या शब्दप्रयोगात आहे. नाटकातला सूत्रधारही शब्दाने याच घरातला आहे.

विदर्भात याच कामकऱ्यांना "वाढई" म्हणतात आणि हिंदीत "बढई". हे दोन्ही शब्द संस्कृत "वर्धकि" यावरून आले असून त्याचा एक पुरावा आपल्या पुण्याजवळच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात एक छोटा ब्राह्मी लेख कोरलेला आहे, त्यात धेनुकाकट येथील, वेणुवासाचा मुलगा सामि नावाच्या "वढकि"ने दरवाजा केल्याचे नमूद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका सुताराचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि त्याचे काम, तिन्ही आपल्याला एका ओळीत मिळते. त्याच लेण्यात राजांची आणि व्यापाऱ्यांचीही दाने कोरलेली आहेत, पण मला ही ओळ जास्त जवळची वाटते. त्याच चैत्यगृहाच्या छताला प्राचीन लाकडी फासळ्या अजून आहेत आणि स्तूपावरचे लाकडी छत्रही आहे. कातळ कोरून झाल्यावर छताला भाराची गरज नव्हती, तरी सुताराला बोलावून फासळ्या बसवल्या गेल्या, कारण चैत्य म्हटला की लाकडाचा, हेच डोळ्यांना सवयीचे होते.

वेरूळचे दहावे लेणे हे त्याहून पुढचे. तिथे त्या फासळ्यासुद्धा दगडातच कोरल्या आहेत. या लेण्याला "विश्वकर्मा" किंवा "सुतार झोपडी" म्हणतात आणि आतल्या बुद्धमूर्तीला आपला मूळपुरुष विश्वकर्मा समजून सुतार मंडळी तिथे दर्शनाला येत, अशी एकोणिसाव्या शतकातल्या पाहणाऱ्यांची नोंद आहे. इतिहासाच्या दृष्टीने ही गफलत आहे, पण दगडात लाकूडकाम ओळखणारी नजर सुताराचीच असणार, हे नाकारता येत नाही.

जाता जाता, "मेस्त्री" हा शब्द पोर्तुगीज "मेस्त्रे" म्हणजे उस्ताद यावरून आला आहे. गोव्यात आणि तळकोकणात तो आडनावापर्यंत पोहोचला.


प्रतिसाद : ओसरी

मीही सुताराच्या घरातली आहे. वरचे वाचताना आनंद झाला आणि थोडा रागही आला, म्हणून लिहिते.

बलुत्याचा उल्लेख वर कुठेच नाही. बारा बलुतेदारांत सुतार पहिल्या ओळीतला, म्हणजे थोरल्या कासेतला, हे अभिमानाने सांगितले जाते. वर्षभर नांगर-कुळव नीट ठेवायचे, रोजचे पैसे घ्यायचे नाहीत आणि सुगीला खळ्यावर जाऊन ठरलेला वाटा घ्यायचा, अशी ती पद्धत. लाकूड शेतकऱ्याचे, अंगमेहनत सुताराची. कागदावर हे फार सुरेख दिसते. प्रत्यक्षात खळ्यावर बलुते आणायला आमच्या घरातून कोण जात असे, तर माझी आई जात असे. बापाने वर्षभर केलेल्या कामाचा मोबदला घेताना तिला "मागायला आली" हेच शब्द ऐकावे लागत. ज्यांच्याकडे दोन नांगर होते ते पायलीभर ज्वारी घालताना हात आखडत, आणि ज्यांच्याकडे जेमतेम एक बैल होता ते मात्र ओंजळ भरून वर आणखी घालत, हे मी तिच्याबरोबर उभी राहून पाहिले आहे. पावसाने दगा दिला त्या वर्षी वाटा मिळत नसे, पण मोडलेला कुळव दुरुस्त करायला नकार देण्याची सोय नव्हती.

आणि दुसरी गोष्ट. घरात मी थोरली. लाकडाला रंधा मारताना छिलका कसा निघतो यावरून रेषा कुठे उलटी आहे हे मला भावांच्या आधी कळू लागले होते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होई तेव्हा वाकसाला हळदकुंकू लावायचे काम माझे होते, पण तो वाकस हाती धरण्याची परवानगी नव्हती. बाहेरच्यांनी आम्हाला जसे एका चौकटीत बसवले, तसे आम्ही घरातही बसवलेच होते. भावांनी पुढे शिकून नोकऱ्या धरल्या आणि हत्यारे गंजली. परंपरा बुडाली म्हणून हळहळताना या दोन्ही गोष्टी हिशेबात धराव्यात, एवढेच म्हणणे आहे.


प्रतिसाद : वाकस

ओसरीताई, आपले म्हणणे मान्य आहे आणि बलुत्याचा विषय मी टाळला, हेही खरे आहे. आमच्या घरी खळ्यावर आजी जात असे. तिने याविषयी कधी काही सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

माझी हळहळ व्यवस्थेसाठी नाही. ती गेली ते बरे झाले. आजोबांनी वडिलांना वाकस धरू दिला नाही, पोलीस भरतीला पाठवले, आणि त्यांना त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही. पण बलुते जाणे आणि नांगराची बाभूळ ओळखणे विसरले जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कायद्याने आणि रोख पैशाने घडवली. दुसरी लोखंडाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विकायला काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे म्हणून शेतकरी तो घेईनात, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे तोच नांगर गावोगाव गेला. आमच्या भागात हलक्या जमिनीमुळे लाकडी नांगर बराच काळ तगला. नंतर गाडीला रबरी टायर आले, तेव्हा चाकाचे काम एका पिढीतच संपले, आणि ट्रॅक्टर आल्यावर उरलेले.


प्रतिसाद : कडीपाट

मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामे करतो, म्हणून सुतारकीची दुसरी बाजू मांडतो. गावच्या सुताराइतकाच घरबांधणीचा सुतार महत्त्वाचा होता आणि देशावर तरी घराचे मापच त्याच्या हिशेबाने सांगितले जाई. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. "पाच खणांचे घर" म्हटले की घराची लांबी, खांबांची संख्या आणि मालकाची ऐपत तिन्ही कळत. लाकडी सांगाडा आधी उभा राही आणि भिंती नंतर भरल्या जात, त्यामुळे भिंत ढासळली तरी कडीपाट (लाकडी छत) जागेवर राहिलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

पुण्यातला विश्रामबागवाडा, जो दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधून घेतला, त्याचा दर्शनी भाग पाहिला तर सागवानात काय करता येत असे याचा अंदाज येतो. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि तोड्यांवरची (वरचा भार पेलणाऱ्या पुढे आलेल्या लाकडांवरची) केळफुले ही त्या काळच्या सुतारकामाची ओळखच आहे. शनिवारवाड्याचे मात्र जोते आणि तट तेवढे उरले, कारण वरचे मजले लाकडाचे होते आणि १८२८ च्या आगीत ते गेले. आज तिथे फिरणाऱ्याला तो दगडी किल्ला वाटतो. प्रत्यक्षात आपण पाहतो तो सुतारांनी सोडून दिलेला भाग आहे, असे मी माझ्याबरोबर येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

सध्याची अडचण अशी की दुरुस्तीसाठी जुन्या पद्धतीचे कूस काढणारा माणूस मिळत नाही. शहरातले बहुतेक काम प्लायवूडचे आहे. आठ बाय चारचा पत्रा यंत्रावर कापायचा, सनमायका चिकटवायचा आणि स्क्रूने जोडायचा. ते करणारे कारागीर बहुतेक राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून येतात, आणि त्यांतले बरेच सुथार, जांगिड किंवा विश्वकर्मा असतात, म्हणजे जात तीच, गाव वेगळे. त्यांची सफाई उत्तम असते. पण प्लायला रेषाच एकाआड एक उलट बसवलेली असते, त्यामुळे लाकूड वाचण्याची गरज त्यांना पडत नाही. एकदा एका वाड्याच्या तुळईला जोड द्यायचा होता, तेव्हा कंत्राटदाराने पाठवलेल्या तरुणाने प्रामाणिकपणे विचारले, "साहेब, यात प्लेट टाकू का?" अखेर सत्तरीच्या एका मेस्त्रींना गावाहून गाडी पाठवून आणले. त्यांनी तुळईवर बोटांनी ठोकून आवाज ऐकला, कुठपर्यंत लाकूड जिवंत आहे तिथे गेरूची रेघ मारली आणि दोन दिवसांत तिरका खाचेचा जोड असा बसवला की आता मलाही तो शोधावा लागतो.


प्रतिसाद : नवा_मेस्त्री

मी तिसाव्या वर्षी नोकरी सोडून हे काम शिकलो आणि जातीने सुतार नाही. पीएम विश्वकर्मा योजनेचा विषय निघेलच म्हणून सांगतो. ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे, प्रशिक्षणाच्या दिवसांचे ५०० रुपये रोज, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व मग २ लाखांपर्यंत कर्ज असे तिचे स्वरूप आहे. हत्यारांची रक्कम उपयोगाची आहे यात शंका नाही. मात्र ओंडका कसा निवडावा हे कुठल्याही प्रशिक्षणात चार-पाच दिवसांत येत नाही. मी जे शिकलो ते एका मेस्त्रींकडे दोन वर्षे भुसा झाडून शिकलो, आणि पहिले सहा महिने त्यांनी मला केवळ पटाशीला धार लावायला सांगितले. अमावास्येला हत्यार धरायचे नाही हा त्यांचा नियम मी अजून पाळतो. त्या दिवशी सुट्टी मिळते हे त्याचे मुख्य कारण आहे.

एक शंका. महाराष्ट्रात विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीला असते ना? योजना सुरू झाली तो १७ सप्टेंबरचा दिवस बंगाल-बिहारकडच्या पूजेचा आहे.


प्रतिसाद : शब्दशोधी

होय, आपल्याकडे माघ शुद्ध त्रयोदशीच. कारखान्यांमुळे सप्टेंबरची पूजाही आता इकडे रुजली आहे. विश्वकर्म्याच्या पाच मुलांपैकी मनूकडे लोखंड, मयाकडे लाकूड, त्वष्ट्याकडे तांबे-कासे, शिल्पीकडे दगड आणि दैवज्ञाकडे सोने, अशी पांचाळ परंपरेची वाटणी आहे. मराठवाड्यात पांचाळ हे आडनाव सुताराच्या घरीही सापडते आणि लोहार-सोनारांच्या घरीही, ते या वाटणीमुळे.

ओसरीताईंच्या मुद्द्याला जोडून एक सांगावेसे वाटते. वैदिक वाङ्मयात रथकाराला वर्षा ऋतूत अग्न्याधान (यज्ञाच्या अग्नीची स्थापना) करण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि नंतरच्या मीमांसकांना, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांना, तो देताना इतका संकोच वाटला की रथकार म्हणजे नेमका कोणत्या वर्णाचा, यावर त्यांनी स्वतंत्र अधिकरण (चर्चेचे प्रकरण) लिहिले. रथ हवा, पण करणाऱ्याला कुठे बसवायचे हे ठरत नाही, ही अडचण खळ्यापेक्षा बरीच जुनी आहे.


प्रतिसाद : माळरान

उशिरा लिहितो आहे, कारण खाचांबद्दल घरी विचारून मग लिहायचे ठरवले होते. आम्ही शेतकरी, सुतार नव्हे, त्यामुळे चूक असल्यास सांभाळून घ्यावे.

वाकस, आपण पाभरीचा उल्लेख केलात, पण त्यात सर्वांत अवघड काय असते ते लिहिले नाही. पाभरीच्या दिंडात फण बसवायची भोके असतात आणि दोन फणांमधले अंतर म्हणजेच पिकाच्या दोन ओळींमधले अंतर. चाड्यात (बी टाकायच्या वाडग्यात) बी सोडले की ते नळ्यांतून त्या फणांच्या मागे पडते. पुढे महिनाभराने कोळपणी करायची ती त्याच ओळींमधून, म्हणून कोळप्याची पास (लोखंडी पाते) त्या अंतरात बरोबर बसली पाहिजे. अर्धा इंच जास्त झाली तर तण निघण्याऐवजी पीकच निघते. म्हणजे पाभर आणि कोळपे एकाच मापाने भरायचे असते, आणि ते माप शेतकऱ्याकडे नसे, सुताराकडे असे. गावातल्या सगळ्या पाभरी एका मापाच्या असल्या की कोणाचेही कोळपे कोणाच्याही रानात चालते. इर्जिकीला, म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून एकाचे काम उरकायचे असले की, हे फार उपयोगी पडे.

रब्बी ज्वारीची आमची पाभर १८ इंची असते. आपल्या गजावर तो १६ वा तसू, म्हणजे बरोबर एक हात. त्यासाठी वेगळी खाच पाडण्याची गरज नाही. बाजरीची पाभर मात्र आमच्याकडे १४ इंची असे. वडील म्हणाले, "खाच मोजायला सांग, चौदाला आली तर बाजरीची." आपण गज इंचपट्टीला लावून पाहावा.


प्रतिसाद : वाकस

आत्ताच लावून पाहिला. पहिली खाच चौदा इंचांना एखाद्या सुताच्या (अष्टमांश इंचाच्या) फरकाने लागते आहे. आमच्या गावात खरिपाला बाजरीशिवाय दुसरे काही होत नव्हते, त्यामुळे आपल्या वडिलांचे म्हणणे पटते. त्यांना माझा नमस्कार सांगावा.

दुसरी खाच बावीस इंचांच्या किंचित आत आहे. ती पाभरीची असेल असे वाटत नाही, कारण एवढ्या अंतरावर पेरण्यासारखे आमच्या रानात काही नव्हते. गाडीच्या आऱ्यांची लांबी असू शकेल, पण पडवीत पडलेले जुने चाक मोडके असल्यामुळे मोजता आले नाही. पुढच्या वेळी गावी जाईन तेव्हा जू मोजून पाहतो. दोन शिवळांमधले (बैलाच्या मानेच्या बाजूंच्या खुंट्यांमधले) अंतर तेवढे भरते का, एवढे बघायचे आहे.